साधा, स्वस्त म्युझिक प्लेअर: बर्डीवर घेण्यापासून गाणी भरण्यापर्यंत

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, स्वस्त एमपीथ्री प्लेअर घ्यायला निघालात तर खर्चाचा हिशेब आधी उलटा करून घ्या. खिशात हजार रुपये असतील, तर त्यातले तीन-चारशेच प्लेअरवर जाऊ द्या. उरलेले अस्सल मेमरी कार्डावर आणि बऱ्यापैकी इअरफोनवर घाला. शिवाय एक निवांत संध्याकाळ राखून ठेवा, गाणी नीट भरायला. प्लेअर हौसेने घेतला आणि पंधरा दिवसांत ड्रॉवरमध्ये गेला, अशी उदाहरणं पाहिलीत तर दोष सहसा प्लेअरचा नसतो. कार्ड नकली असतं, इअरफोन डब्यातलाच फुकट आलेला असतो आणि आत गाण्यांचा नुसता ढीग ओतलेला असतो.

दुकानदार तुम्हाला हमखास विचारणार: "फोन आहे ना भाऊ तुमच्याकडे, मंग हे कायले घेऊन राहिले?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर तयार ठेवा. ह्या डबीला नेटवर्क लागत नाही. पेंच किंवा मेळघाटाकडे गाडी वळली आणि फोनचे दांडे गेले, तरी हिचं काही अडत नाही. हिच्यात गाण्याच्या मध्येच कर्ज घ्या म्हणणारा फोन येत नाही. तुम्ही भरलं तेवढंच वाजतं. पुढचं काय ऐकायचं हे कुणी परस्पर ठरवत नाही. अंबाझरीला सकाळी चालताना शर्टाला चिमट्याने अडकवली की वजन जाणवत नाही, आणि बटण न बघता दाबता येतं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं फोन घरी ठेवून वाचनालयात बसतात, त्यांना ही सोयीची. टच स्क्रीनचा कंटाळा असलेल्या आईबाबांनाही. आणि चुकून बसमध्ये राहिली, तर जीव फार हळहळत नाही.

रोज नवीन गाणी लागत असतील, किंवा तुमच्याकडे फक्त ब्लूटूथचे इअरबड असतील, तर मात्र हा नाद करू नका. स्वस्त प्लेअरमध्ये ब्लूटूथ असलं तरी ते जोडताना घाम काढतं.

पायरी १: कोणता प्रकार हवा ते घरीच ठरवा

सोनीचा पहिला वॉकमन १९७९चा, अ‍ॅपलचा पहिला आयपॉड २००१चा. मे २०२२मध्ये अ‍ॅपलने आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या कंपन्यांनी स्वस्त प्लेअरच्या बाजारातून अंग काढून घेतल्यावर मागे राहिला तो मुख्यतः बिननावाचा माल. त्यामुळे 'कोणती कंपनी चांगली' ह्या प्रश्नात वेळ घालवू नका. एकाच सर्किटवर दहा वेगळी नावं छापलेली असतात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे बिनस्क्रीनचा, चिमट्याचा चौकोनी तुकडा. तो दोनशे-तीनशेच्या घरात मिळतो. आत स्वतःची मेमरी नसते, मायक्रोएसडी कार्ड घालावं लागतं. गाणं पुढे, गाणं मागे, आवाज कमी-जास्त, एवढंच. चालायला जाणाऱ्याला पुरे. शंभरेक गाण्यांच्या पुढे गेलात की पाहिजे ते गाणं शोधताना अंगठा दुखतो.

त्याच्या वर छोट्या स्क्रीनचे. फोल्डर दिसतात, बहुतेकांत एफएम असतं, काहींत आवाज रेकॉर्ड होतो. नवख्या माणसाने ह्यातला घ्यावा असं माझं मत आहे, कारण फोल्डर निवडता येणं ही मोठी सोय आहे. स्क्रीन रंगीत आहे की नाही ह्याने काडीचा फरक पडत नाही. उलट रंगीत स्क्रीन बॅटरी खाते.

तिसरा पर्याय दुकानदार स्वतःहून सांगणार नाही: कार्डाची खाच आणि इअरफोनचं गोल भोक असलेला साधा बटणांचा फोन, सिम न घालता. स्पीकर, टॉर्च आणि एफएम त्यात आलंच. शिवाय बॅटरी काढून बदलता येते, ही गोष्ट प्लेअरमध्ये शोधूनही सापडत नाही. बीएल-५सी जातीची बॅटरी चालणारा फोन असेल तर ती कुठल्याही मोबाइलच्या टपरीवर मिळते. फोन खिशात थोडा जाड लागतो, पण घरात वरच्या फळीवर ठेवून ऐकायला ह्यासारखं दुसरं काही नाही.

गाणी आधीच भरलेले रेडिओच्या आकाराचे संचही मिळतात. सारेगामाचा कारवां २०१७मध्ये आला तो असा, पाच हजार गाण्यांचा. भेट द्यायला छान. पण गाणी त्यांनी निवडलेली, आणि किमतीने तो आपल्या हिशेबात बसत नाही.

जुना सॅनडिस्क क्लिप प्लस किंवा क्लिप झिप कुणाच्या घरी पडून असेल तर मागून घ्या. त्यावर रॉकबॉक्स नावाची मोफत प्रणाली चढवता येते आणि मग तो पुष्कळ महागड्या प्लेअरना भारी पडतो. फक्त बॅटरी म्हातारी झाली असणार हे धरून चाला. नंतरच्या क्लिप जॅम आणि क्लिप स्पोर्टवर रॉकबॉक्स चालत नाही.

पायरी २: दुकानात वाजवून बघा, स्वतःच्या कार्डाने

बर्डीवर मेन रोडला आणि मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये मोबाइलच्या सामानाची दुकानं एकाला एक लागून आहेत. प्लेअर शोकेसमध्ये लावलेला नसतो, मागावा लागतो. मग आतून एखादा खोका निघतो. संध्याकाळी आणि रविवारी गर्दीत दुकानदाराला वेळ नसतो आणि तुम्हाला ऐकूही येत नाही. आडवारी दुपारी बारा-एकच्या सुमारास जा. मेट्रोने सीताबर्डी स्टेशनला उतरलात तर पार्किंगची कटकट नाही.

घरून दोन वस्तू न्यायच्या: स्वतःचा इअरफोन आणि चाचणीसाठी भरलेलं कार्ड. कार्डात चार फाइल पुरेत. एक साधं १२८ केबीपीएसचं गाणं (हा झाला बिटरेट, म्हणजे गाण्याच्या एका सेकंदाला किती माहिती; आकडा मोठा तितकी फाइल मोठी). एक ३२० केबीपीएसचं. एक तासाभराची लांब फाइल, कीर्तन म्हणा किंवा मैफिलीचं रेकॉर्डिंग. आणि एक अशी, जिचं नाव देवनागरीत आहे.

आता बघायचं काय?

गाणं सुरू करून आवाज शून्याच्या जवळ आणा आणि कान द्या. मागे सतत 'स्स्स' ऐकू येतं का? थोडं सगळ्यांत असतं. शांत आलापात ते सुरांच्या वर येत असेल तर दुसरा नग मागा. मग इअरफोनची पिन भोकात हलकेच फिरवा. खरखर झाली किंवा एक कान बंद पडला, तर सॉकेट सैल आहे. हा नग परत द्या, कारण हाच भाग सगळ्यात आधी जातो.

तासाभराची फाइल मध्यापर्यंत पुढे ढकला. काही प्लेअर मिनिटामिनिटाने सरकतात आणि तुमचा अंगठा बटणावरच राहतो. मग प्लेअर बंद करून परत चालू करा. जिथे सोडलं तिथूनच सुरू झालं तर उत्तम. त्या गाण्याच्या सुरुवातीपासून झालं तर ठीक. पहिल्या फाइलवर जाऊन बसलं, तर कीर्तन, प्रवचन, लांब ख्याल ऐकणाऱ्याने तो घेऊ नये. नवख्याच्या डोक्यात ही चाचणी येत नाही आणि पुढे रोज तीच नडते.

देवनागरी नावाची फाइल वाजते का आणि स्क्रीनवर काय दिसतं, तेही बघा. चौकोन दिसले तर काळजी नको, त्याचा उपाय खाली आहे. फाइल वाजलीच नाही, तर मात्र त्या प्लेअरसाठी सगळी नावं इंग्रजी अक्षरांत करावी लागतील.

शेवटी प्लेअर पँटच्या खिशात टाकून दोन पावलं चाला. बटणं आपोआप दाबली गेली आणि लॉकची सोय नसेल, तर रोज वैताग होईल.

बिल मागा. स्वस्त वस्तूला गॅरंटी नसते, पण 'दोन दिवसांत बदलून देतो' एवढं बिलावर लिहून घेता येतं. न लाजता घ्या.

पायरी ३: कार्ड

३२ जीबीपर्यंतचंच घ्या. ६४ आणि त्यापुढची कार्डं दुकानातून येतानाच एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात आणि स्वस्त प्लेअरला बहुधा फॅट३२ तेवढं कळतं. ३२चं कार्ड फॅट३२मध्येच येतं, भानगड नाही. जागेची चिंता करू नका: १९२ केबीपीएसने पाच मिनिटांचं गाणं सुमारे सव्वासात एमबी होतं, म्हणजे १६ जीबीतसुद्धा दोन हजारांच्या आसपास गाणी मावतात.

नकली कार्डाचं दुखणं मोठं आहे. आत चार-आठ जीबीची चिप असते आणि ती संगणकाला आपण ३२ असल्याचं सांगते. भरताना सगळं सुरळीत वाटतं. खऱ्या मर्यादेपुढची गाणी नुसती नावापुरती उरतात, वाजत नाहीत. म्हणून गाणी भरण्याआधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स-मॅकवर एफथ्री हे मोफत साधन चालवा. ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, तेवढ्यात जेवण उरकून घ्या. कार्ड खोटं निघालं तर बिल आहेच.

पायरी ४: गाणी आणायची कुठून

इथे नव्या पिढीचा गोंधळ होतो. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी कार्डावर टाकून प्लेअरमध्ये वाजत नाहीत. त्या फाइलना कुलूप असतं, ते त्याच अ‍ॅपमध्ये उघडतं. तुम्ही गाणं घेतलेलं नसतं, भाड्याने ऐकत असता.

पहिला साठा घरातल्या सीडींचा. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घेतलेली भीमगीतं, खंजिरी भजनं, नाट्यगीतं, लग्नात कुणी दिलेले संच, सगळं कपाटातून बाहेर काढा. लॅपटॉपला सीडीची खाच नसेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह शेजारीपाजारी मिळतोच. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फूबार२००० वापरून एमपीथ्री करून घ्या.

कॅसेटींना जास्त कष्ट, पण खरा खजिना तिथेच. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या किंवा लाइन-आउटच्या भोकातून वायर काढून संगणकात रेकॉर्ड करायचं, ऑडॅसिटी नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा एकाच चॅनेलचं असतं, म्हणून लाइन-इन असलेला छोटा यूएसबी ऑडिओ अडॅप्टर घ्या. आवाजाची पट्टी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तिथे फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. आजोबांचा आवाज असलेली एखादी कॅसेट घरात असेल तर सुरुवात तिच्यापासून करा, कारण जुनी पट्टी कधी दगा देईल सांगता येत नाही.

विकतची गाणी आयट्यून्स स्टोअर, बँडकॅम्प अशा ठिकाणी बिनकुलपाची मिळतात. आयट्यून्सची फाइल एम४ए असते, स्वस्त प्लेअर ती कधी वाजवतो कधी नाही. एमपीथ्रीत बदलून घ्या. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो. त्यामुळे फार जुन्या तबकड्यांची मुद्रणं इंटरनेट आर्काइव्हवर उघडपणे सापडतात. गीत आणि चाल ह्यांचे हक्क मात्र वेगळे मोजले जातात.

कार्डात गाणी भरून देणारी टपरी टाळा. तीच तीच गाणी तीन नावांनी, भसाड्या आवाजात, वर एखादा व्हायरस दक्षिणा म्हणून.

पायरी ५: भरण्याची रीत

घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको.

फाइल एमपीथ्रीच ठेवा, १९२ केबीपीएस, आणि बिटरेट स्थिर. कमी-जास्त होणाऱ्या बिटरेटच्या फाइली चांगल्या असतात, पण स्वस्त प्लेअर त्यांची वेळ चुकीची दाखवतो आणि पुढे ढकलताना भलतीकडे जातो. आवाजातलं काहीच न गाळणारी फ्लॅक फाइल मिनिटाला पाचेक एमबी खाते, आणि तीनशेच्या प्लेअरवर, रस्त्याच्या आवाजात, १९२च्या एमपीथ्रीपेक्षा ती वेगळी ऐकू येईल असं मला वाटत नाही. प्रवचनासाठी ६४ केबीपीएस मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) भरपूर झालं.

आता क्रम. अकारविल्हे लावलेली गाणी प्लेअर भलत्याच क्रमाने वाजवतो, तेव्हा नवखा माणूस प्लेअर बिघडला समजतो. बिघडलेला नसतो. त्यातली चिप नावं वाचून लावत बसत नाही. कार्डाच्या यादीत फाइली ज्या क्रमाने नोंदल्या गेल्या त्याच क्रमाने ती वाजवते. म्हणून नावाच्या आधी इंग्रजी अंकांत ००१, ००२ असे आकडे घाला, कार्ड रिकामं करा आणि एकेक फोल्डर क्रमाने टाका. तरीही गोंधळ राहिला तर विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट आणि लिनक्सवर फॅटसॉर्ट ही साधनं कार्डावरची यादीच नावाप्रमाणे लावून देतात. दोन मिनिटांचं काम आहे. नंतर एखादं गाणं मध्येच घातलंत तर ते शेवटी जाऊन बसेल, तेव्हा पुन्हा चालवा.

स्क्रीनवर चौकोन दिसत होते, त्याचा उपाय: एमपीथ्रीटॅग हा मोफत प्रोग्रॅम उघडा आणि फाइलची नावं व आतल्या टॅगमधलं (फाइलच्या आत लिहिलेल्या माहितीतलं) शीर्षक, गायक इंग्रजी अक्षरांत करा. मराठी माणसाला हे रुचत नाही, पण तीनशेच्या चिपमध्ये देवनागरी बसवायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. मूळ मराठी नावांची प्रत संगणकावर राहू द्या. त्याच प्रोग्रॅममधून गाण्यांना चिकटलेली मोठी चित्रंही काढून टाका. एकदीड एमबीच्या मुखपृष्ठापाशी प्लेअर अडखळतो.

मॅकवरून गाणी टाकणाऱ्यांसाठी: मॅक प्रत्येक गाण्याबरोबर त्याच नावाची, टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होणारी एक लपलेली फाइल सोडतो. प्लेअर तिलाही गाणं समजतो आणि गप्प बसतो. कार्ड विंडोजवर उघडून त्या पुसा.

फोल्डर गायकाप्रमाणे लावायचा मोह होतो. मी म्हणेन, वेळेप्रमाणे लावा: पहाट, स्वयंपाक, प्रवास, रात्र. छोट्या स्क्रीनवर चाळीस गायकांतून खाली उतरत जाण्यापेक्षा चार फोल्डर बरे. आणि कार्ड गच्च भरू नका. दोन-तीनशे नीट निवडलेली गाणी असली की ह्या डबीची मजा कळते. पाच हजार भरली की तुम्ही पुन्हा फोनसारखे 'पुढचं, पुढचं' करत राहता.

पायरी ६: इअरफोन आणि कूलर

डब्यात आलेला इअरफोन बाजूला ठेवा. तीन-चारशे रुपयांचा, रबरी टोपीचा, वायरचा साधा इअरफोन घ्या. माइक नसला तरी चालेल. टोप्या तीन मापांच्या येतात, कानात घट्ट बसणारी लावा. सैल टोपीतून खालचे सूर गळून जातात आणि माणूस उगाच इअरफोनला नावं ठेवतो.

नागपुरात ह्याला आणखी एक कारण आहे. एप्रिल ते जून घरोघरी कूलर घरघरत असतो आणि त्याच्यावर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो. कान बंद करणारी टोपी असेल तर कमी आवाजातही ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर सरासरी ८० डेसिबलच्या आत राहावं. प्लेअर डेसिबल दाखवत नाही, म्हणून सोपी खूण: पट्टीच्या साठ टक्क्यांवर जाऊ नका, आणि हाताच्या अंतरावरून कुणी बोललं तर कळायला हवं.

रस्त्याकडेने चालताना एकच कान वापरा, गाडीवर तर अजिबात नको. पण एका कानाने ऐकताना जुन्या स्टिरिओ गाण्यांत गायक गायब होऊन नुसता तबला ऐकू येतो, कारण त्या काळी आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला ठेवायची पद्धत होती. चालण्याच्या फोल्डरातली गाणी ऑडॅसिटीत मोनो करून घ्या.

एफएम लावायचं तर इअरफोनची वायर जोडलेली हवी, तीच अँटेना असते. विविध भारती १००.६ वर लागेल. आकाशवाणीचं मध्यम लहरींवरचं प्रसारण ह्या प्लेअरवर लागत नाही.

पायरी ७: चार्जिंग आणि ऊन

चार्जिंगचं भोक सी-टाइप असूनही नव्या चार्जरने चार्ज होत नसेल तर घाबरू नका. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलमधून वीज घ्यायला प्लेअरच्या आत दोन छोटे रेझिस्टर लागतात आणि स्वस्त मालात तेच वाचवलेले असतात. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल वापरा आणि ती जुन्या, एक अँपिअरच्या चार्जरला किंवा लॅपटॉपला लावा, लगेच चालेल.

लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा साधारण दंडक आहे, आणि नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) आपल्याकडे बाहेरचाच पारा तिथे टेकतो. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत किंवा बंद कारच्या डॅशबोर्डवर प्लेअर ठेवू नका. दुपारी गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत चार्जिंगला लावू नका, सकाळी लावा. उन्हाळाभर वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून गार कपाटात ठेवा. पाठ फुगलेली दिसली की वापर बंद करा आणि ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत नको.

कार्डावर जे भरलं त्याची प्रत संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर आकड्यांसकट तशीच ठेवा. कार्ड कधीतरी मरतंच. मग नवीन कार्ड आणायचं, तपासायचं, सगळे फोल्डर एकदम टाकायचे आणि ड्राइव्हसॉर्ट चालवायचं.